चोवीस आट्यांची रॅली

गोठ्याच्या माळ्यावर आमची सायकल अठ्ठावीस वर्षं उलटी टांगलेली होती. 1988 साली अण्णांनी लुना घेतली, त्याच आठवड्यात ती वर गेली, आणि पुढं तिच्या नळीवर रात्री कोंबड्या बसायला लागल्या. अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी गोठा उतरवून तिथं खोली बांधायचं निघालं. धाकट्या भावानं पुण्याला फोन केला, "भंगारवाला दारात हाय. सायकल किलोवर घेतो म्हणतोय. देऊ का?" मी म्हटलं, "हात लावू नको. रविवारी येतो."

जुनी सायकल नीट करून दिवाणखान्यात उभी करायचं वेड तेव्हा पुण्यात आलं होतं. ऑफिसातल्या एकानं आजोबांची सायकल अशी चकचकीत करून ठेवलेली मी पाहिली होती. माझ्याही डोक्यात तेच होतं. खोटं कशाला बोलू, मूळ रॅले असेल तर चांगले पैसे मोजणारी माणसं आहेत, हेही त्यानंच माझ्या कानावर घातलं होतं.

आणि आमची तर रॅलेच. नॉटिंगहॅम गावात रॅले नावाच्या रस्त्यावर एक छोटा कारखाना होता, त्या रस्त्याचं नाव सायकलीला मिळालं आणि जगभर गेलं. आमच्याकडं मात्र रॅले कुणी म्हटलं नाही. रॅलीच. अण्णा दर रविवारी सकाळी ती पुसायला बसत. खोबरेल लावलेलं फडकं रिमवरून फिरवता फिरवता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "विलायती रॅली हाय. लग्नातली." पुढच्या उभ्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा पितळी बिल्ला होता. आम्हा पोरांना तो देवाच्या टाकासारखा वाटायचा. नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकताना मी ती किती वेळा पाडली असेल, पण पडल्यावर आधी बिल्ला शाबूत आहे का बघायचं आणि मग आपला गुडघा.

लग्नातली, म्हणजे हुंड्यातली. आई-अण्णांचं लग्न 1959 च्या वैशाखातलं. त्या काळात आमच्या भागात, म्हणजे किर्लोस्करवाडी स्टेशनापासून तीन कोसांवर कृष्णेच्या अंगाला, मुलगा मॅट्रिक झालेला असला की त्याचे तीन जिन्नस ठरलेले असत: घड्याळ, अंगठी आणि सायकल. पुढं सायकलीच्या जागी रेडिओ आला, मग मोटरसायकल. हुंड्याविरुद्धचा कायदा 1961 चा. तो आला तरी यादी तशीच राहिली, फक्त कागदावर लिहायची बंद झाली. सायकलीची किंमत तेव्हा दोनशेच्या घरात. प्राथमिक शाळेच्या मास्तराला तेवढ्यासाठी तीन-चार महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा लागला असता. लहान शेतकऱ्याला असा पगारही नव्हता. त्याच्याकडं हंगाम होता, आणि हंगामाचा काही नेम नव्हता.

आमच्या मुलखाला सायकलीचं नवल तसं फार जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत सायकल पाहिली, ती चालवायला शिकले, आणि 1888 साली थोरले बंधू रामुअण्णांच्या सोबतीनं बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. नॉटिंगहॅमची रॅले कंपनीही त्याच सुमारास उभी राहत होती, हे मला नंतर कळलं आणि गंमत वाटली. आज किर्लोस्कर म्हटलं की नांगर, पंप आणि इंजिन आठवतं. पण घराण्याची सुरुवात सायकलीच्या चेनला तेल घालण्यापासून आहे. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची जमीन त्यांना दिली आणि कारखाना आमच्याकडं आला. त्या स्टेशनालाच पुढं किर्लोस्करवाडी नाव पडलं. माझ्या लहानपणी पाळी सुटली की कारखान्याच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि पलूस, कुंडल, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर विरून जायचा.

स्वातंत्र्याआधी आपल्याकडच्या बहुतेक सायकली बोटीनं येत. रॅले, हंबर, रज, हर्क्युलिस, फिलिप्स, बी. एस. ए. ही नावं मराठी म्हाताऱ्यांच्या तोंडी चुलत्या-मामांच्या नावांसारखी होती. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना. म्हणून त्यांच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका, आणि आमच्याकडं तिला "बंदूकछाप" म्हणत. 1942 साली जपाननं मलाया घेतला आणि रबर तुटलं. टायर मिळेनात तेव्हा लोक ट्यूबऐवजी चिंध्या आणि गवत ठासून सायकली चालवत, असं अण्णा सांगायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं परदेशी मालाला बांध घातला आणि इथं कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल आधीपासून होती. मग सोनीपतला ॲटलस, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, लुधियान्याला हिरो. रॅलेसुद्धा आसनसोलला बनू लागली. त्या सायकली वाईट होत्या असं नाही. पण जे मिळेनासं होतं त्याचाच रुबाब वाढतो. 1959 साली सोयऱ्यानं "विलायतीच पाहिजे" म्हणणं म्हणजे अडून बसायला चांगली जागा शोधणं होतं.

तर सायकल खाली उतरली. कोंबड्यांची शीट, कोळिष्टकं, आणि गंज असा की मडगार्डला बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. सीटच्या मागं चामड्याची हत्यारांची पिशवी होती. ती सुकून लाकडासारखी झालेली, बक्कल उघडेना. वहाणेला पाजतात तसं तिला एरंडेल पाजून मी बाजूला ठेवली आणि सायकल बैलगाडीत घालून बाजाराच्या गावी चाचांकडं नेली.

चाचांचं दुकान म्हणजे एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकवलेली टपरी. त्यांच्या वडलांनी, म्हणजे मोठ्या चाचांनी, ती घातली. पूर्वी दारात भाड्याच्या सायकलींची रांग असायची. आता मोटरसायकलींची पंक्चरं निघतात. मला पाहून म्हणाले, "अण्णांची रॅली! आरं, माझा बाप हिच्यावर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. मला फकस्त पंक्चर काढू द्यायचा." मग खाली बसून त्यांनी चेनचं चक्कर पुसलं. त्यात बगळ्यांची डोकी कातरलेली दिसली. "हे बघ. रॅलीच. दुसऱ्या कुणाचं आसलं चक्कर न्हाई."

आठ दिवस सायकल मोडण्यात गेले. जुनी सायकल जोडणं सोपं, मोडणं अवघड. सीटचा दांडा नळीत असा बसला होता की तीन दिवस रॉकेल पाजलं, शेवटी जुनी ट्यूब गुंडाळून पेटवली, नळी तापली आणि मग तो कुरकुरत निघाला. क्रँकच्या कॉटरपिना हातोड्यानं ठोकताना खालून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टेकू म्हणून धरायचा, नाहीतर मार ॲक्सलवर जातो आणि छर्ऱ्यांचे खड्डे कपात उमटतात. हे मला चाचांनी एकदा सांगितलं आणि दहा वेळा ओरडून सांगितलं.

चाकांचा वेगळाच खेळ. या सायकलींना पुढं 32 आरे आणि मागं 40. ओझं मागं असतं म्हणून. त्यामुळं कुठलीही रिम कुठंही चालत नाही. मागची रिम भोकांपाशी फाटली होती. चाळीस भोकांची आणि रॉडच्या ब्रेकला चालेल अशीच पाहिजे होती, कारण रॉडच्या ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला घासत नाही, आतल्या अंगाला वर ओढलं जातं, आणि तिथं सपाट पट्टी लागते. ती एका दूधवाल्याच्या मोडक्या ॲटलसवर सापडली. पुढचं मडगार्ड एका शाळेच्या शिपायानं दिलं. पायडलं भंगारातून, वजनावर. सीटचं चामडं फाटलेलं होतं. त्याजागी दुसऱ्या कुठल्या तरी सायकलीची स्प्रिंगची सीट आली, तिलाही एरंडेल.

राहिला मधला ब्रॅकेट, जिथं पायडलांचा ॲक्सल फिरतो. उजव्या बाजूचा कप खाऊन गेलेला. छर्रे जिथं फिरतात तिथं बोट घातलं तर खळगे लागायचे. चाचा म्हणाले, "रॅलीचा कप रॅलीचाच लागतो. दुसरा चालत न्हाई. पुण्यात जुना बाजार भरतो न्हवं, तिथं बघ."

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी तीन रविवार घालवले. जमिनीवर पोती अंथरून कुलपं, नळ, घड्याळांच्या तबकड्या, रेडिओचे वॉल्व, पितळी समया, आणि एका म्हाताऱ्यापुढं नुसते सायकलीचे सुटे भाग. तिसऱ्या रविवारी त्यानं डब्यातून एक कप काढला. कडेवर रॅलेची अक्षरं. मी घासाघीस न करता पैसे दिले आणि त्याच रात्रीच्या एस.टी.नं गावाकडं निघालो.

कप बसेना.

उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे चाचांना ठाऊक होतंच. त्यांनी तेल सोडून हातानं फिरवला. दीड फेरा गेला आणि अडकला. काढला, साफ केला, परत लावला. परत दीड फेरा. चाचांनी पाना खाली ठेवला. आमचा जुना खाल्लेला कप उचलला, नवा दुसऱ्या हातात घेतला, दोघांचे आटे एकमेकांत बसवून उन्हाकडं धरले. आटे एकाच मापाचे असले तर दोन करवतींचे दात एकात एक बसावेत तसे बसतात, मधून उजेड येत नाही. इथं सुरुवातीला बसले आणि पुढं फाकत गेले.

"इंचाला सव्वीस हे," चाचा नव्या कपावर बोट ठेवून म्हणाले. "आन् तुझं चोवीस." बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "सव्वीस आटे फकस्त रॅलीवाले पाडायचे. बाकी बंदूकछाप काय, हर्क्युलिस काय, समद्यांचे चोवीस. पोरा, ही रॅली न्हवं."

मी म्हटलं, "चक्कर तर रॅलीचं आहे."

"चक्कर हाय. बिल्ला हाय. सांगाडा न्हवं."

रंगासाठी बिल्ला काढायचाच होता. दोन बारीक स्क्रू सोडले. पितळ बाजूला झालं आणि मागं नळीवर आणखी दोन भोकं दिसली, कथील ओतून बुजवलेली. म्हणजे रॅलीचा बिल्ला लागण्याआधी तिथं दुसराच बिल्ला होता. चाचांनी पत्री कागद घेऊन नळी घासली. वर काळा रंग, त्याखाली तांबूस अस्तर, आणि त्याखाली हिरवा. लष्करी गाड्यांचा असतो तसला मळका हिरवा.

सव्वीसाचे आटे चोवीसाच्या भोकात पाडता येत नाहीत. मिरजेला लेथवर आधी भोक भरून घ्यायचं, मग नवे आटे पाडायचे. चाचांनी विचारलं, करायचं का? केलं असतं तर सायकल निदान बाहेरून कुणालाही रॅलीच वाटली असती. मी "बघू" म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. आजोबांना बेळगावच्या कुणा दुकानदारानं फसवलं आणि अण्णा बिचारे जन्मभर ती विलायती म्हणून पुसत बसले, असं माझ्या मनात बसलं. बिल्ला खिशात घालून घरी आलो.

आई चुलीपाशी होती. वय पंचाहत्तर, पण अजून भाकरी तीच थापते. मी बिल्ला तिच्यापुढं ठेवला. काळवंडलेला होता. तिनं काही न विचारता भिजवलेली चिंच घेतली, वर चिमूटभर राख टाकली आणि तांब्या घासावा तसा घासायला लागली. बगळा पिवळा व्हायला लागला. मी म्हटलं, "आई, आप्पांना फसवलं गं कुणीतरी. सायकल रॅलीची न्हाईच."

तिचा हात थांबला नाही. "फसवलं न्हाई," ती म्हणाली. "आप्पानंच करून घेतली."

तिनं जे सांगितलं ते थोडं थोडं, भाकऱ्या होईपर्यंत. आजोळ निपाणीकडचं. चार बिघे रान, तंबाखूचं पीक. साखरपुड्यात अण्णांच्या थोरल्या चुलत्यांनी बोलून दाखवलं, पोरगं मॅट्रिक हाय, सायकल पाहिजे, आणि ती विलायती रॅली. आप्पा हो म्हणाले, कारण तंबाखू व्यापाऱ्याकडं गेली होती आणि पैसे यायचे होते. व्यापाऱ्यानं निम्मे दिले. उरलेले दिवाळीला म्हणाला. लग्न तीन आठवड्यांवर.

"आप्पा बेळगावला गेलं. तिथं कॅम्पात एक मिस्त्री हुता, आप्पाच्या वळखीचा. लष्करातल्या मोडक्या सायकली लिलावात घ्यायचा. त्याच्याकडं हिरवा सांगाडा हुता, बंदूकछाप. आन् एका वकिलाची रॅली ट्रकखाली गेल्याली, तिचं चक्कर, हँडल, बिल्ला आसं निघालं. त्यानं पंधरा दिवस बसून जोडली. काळा रंग दिला, सोनेरी रेघ मारली. आप्पानं पैसं आन् वर एक शेळी दिली." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "हळदीच्या आदल्या रात्री मला परड्यात बोलावलं आन् सांगितलं. म्हणलं, कुणाला बोलू नगंस. बोललीस तर सायकलीसंगं तुला बी धाडतील परत."

मी विचारलं, अण्णांना?

"कुणाला न्हाई म्हंजे कुणाला न्हाई."

तिनं सत्तावन्न वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मोठे चाचा दर उन्हाळ्यात ओव्हरऑईलला आमच्या अंगणात येत, सायकल उलटी करून तिचा एकेक भाग गोणपाटावर मांडत, आणि आई म्हणे त्या दिवशी जेवत नसे. पोटात गोळा यायचा. आजी ओसरीवर बसून बघायची. माझी आजी, देव तिचं भलं करो, बोलायला तिखट होती आणि आईच्या माहेरावर बोलायला तिला निमित्त लागायचं नाही. पण सायकलीचा विषय निघाला की ती गप्प व्हायची. "तेवढं एकच दिलं बघ नीट," असं म्हणायची. हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे.

एक भर इथं घालतो, इतिहासाची. बी. एस. ए. नं आपला सायकलीचा धंदा 1957 साली रॅले कंपनीलाच विकला. म्हणजे बेळगावच्या मिस्त्रीनं बंदूक आणि बगळा एका सांगाड्यावर आणले, त्याच्या दोनच वर्षं आधी तिकडं विलायतेत दोन्ही घराण्यांची सोयरीक होऊन गेली होती. आप्पांना हे कळलं असतं तर त्यांना जरा बरं झोपता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या बापाला ठावं आसणार. दर दोन-तीन वर्सांनी कप बदलायचा म्हंजे चोवीसाचाच आणत आसंल की. आन् तुझा बाप तर ओव्हरऑईलला गोणपाटावर शेजारी बसायचा. छर्रे मोजून द्यायचा. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा." माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला ठावं नसंल?"

पिशवीची आठवण मला तिथंच झाली. एरंडेलानं ती चार दिवसांत मऊ पडली होती, मीच विसरलो होतो. घरी येऊन बक्कल उघडलं. आत एक चपटा पाना, सोल्यूशनची सुकलेली नळी, व्हॉल्वच्या रबराचे तुकडे, आणि तारेत ओवलेले पत्र्याचे बिल्ले. सायकलीवर तेव्हा दरवर्षी कर असे. तो भरला की बिल्ला मिळे, आणि तो नसला तर बाजाराच्या दिवशी नाक्यावर अडवत. अण्णांनी एकही बिल्ला टाकलेला नव्हता. सगळ्यात तळाला मेणकापडाची पुरचुंडी. सोडली तर आत ग्रीस माखलेला एक कप, कोराच. त्याभोवती वहीच्या कागदाची पट्टी, आणि तिच्यावर अण्णांचं ते तिरकं अक्षर: "उजवा कप. बी. एस. ए. – 24. जपून ठेवणे. ता. 12-4-67."

मी पट्टी घेऊन आईकडं गेलो. ती चौथी शिकलेली. डोळ्यांजवळ धरून तिनं एकेक अक्षर वाचलं. मग तारीख पुन्हा वाचली.

"सदुसष्ट म्हंजे तू पोटात हुतास," ती म्हणाली.

बराच वेळ तिनं पट्टी खाली ठेवली नाही. मला वाटलं रडेल. रडली नाही, चिडली. "आन् दर ऐतवारी दारात बसून 'विलायती, विलायती' करत हुतं ते? मला ऐकवायला व्हय?" मी म्हटलं, "आजीला ऐकवायला असेल." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला तरी सांगायचं हुतं. एवढी वर्सं मी उगंच भ्याले." आणि थोड्या वेळानं, भांडी विसळताना, स्वतःशीच बोलल्यासारखं, "न्हाई. उगंच न्हाई. सासूबाई हुत्या की एक्याऐंशीपर्यंत."

अण्णांना केव्हा कळलं, मोठ्या चाचांनी सांगितलं की त्यांनी स्वतःच आटे ताडून पाहिले, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. मला मात्र ते रविवार आठवत राहिले. खोबरेलाचं फडकं, ओसरीवर आजी, आणि अण्णांचा तो जरा जास्तच मोठा आवाज.

मिरजेच्या लेथचा विषय त्यानंतर निघाला नाही. अण्णांच्या पुरचुंडीतला कप चाचांनी रॉकेलनं धुतला आणि हातानंच लावला. उलट्या आट्यांनी तो डावीकडं फिरत आत गेला तो शेवटपर्यंत, पाना फक्त आवळायला लागला. ग्रीस भरलं, छर्रे मी मोजून दिले. अकरा आणि अकरा.

पुढचं काम मग पुण्यातल्या दिवाणखान्याच्या हिशेबानं करण्यात अर्थ नव्हता. मागच्या कॅरिअरला अण्णांनी दुधाच्या किटल्यांसाठी दोन्ही बाजूंना आकडे जोडून घेतले होते. मूळ रॅलेच्या फोटोत असले आकडे नसतात म्हणून मी ते कापायला निघालो होतो. ते राहिले. पुढच्या चिमट्याला आधाराचे दोन दांडे होते, 72 च्या दुष्काळात पाण्याच्या घागरी वाहताना चिमटा वाकला म्हणून बसवलेले. तेही राहिले. ॲटलसची रिम, शिपायाचं मडगार्ड, कुणाची तरी सीट, वकिलाचं चक्कर, लष्कराचा सांगाडा. माझ्याकडून फक्त एक भर घातली: मागच्या चाकाला दात जास्त असलेलं फ्रीव्हील लावलं, म्हणजे नदीकडून वर येणारा चढ हलका जाईल. चाचांनी चाकाचा आउट काढला, एकेक आरा नखानं वाजवून. रंगाचा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, हिरवा देऊ या का, खरा? आईला विचारलं. "काळाच," ती म्हणाली. "आन् सोनेरी रेघ मार."

बिल्ला तिनं चिंचेनं लख्ख करून फडक्यात बांधून ठेवला होता. मी विचारलं, हा लावायचा का परत? आता लपवायचं काही राहिलेलं नाही म्हणून विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "मग काय ठेवायचा व्हय देव्हाऱ्यात? जिथं हुता तिथं लाव." वरच्या दोन भोकांत स्क्रू बसवले. कथलाची खालची दोन भोकं बिल्ल्याच्या मागं तशीच आहेत.

सायकल पुण्याला आली नाही. भावाचा मुलगा ती डेअरीला दूध घालायला नेतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं ती पुलाच्या कठड्यावर घातली आणि मागच्या ब्रेकचा रॉड वाकवून आणला. दूध सांडलंच. आईनं आधी जाऊन बिल्ला बघितला.